मटणाच्या पातेल्यातली डाळ

जैबुन,

गेल्या काही वर्षांत तुझ्या घरून आलेलं ताट मी कधी नुसतं खाल्लं नाही. तू समोर बसून माझ्या तोंडाकडे बघायचीस आणि मी तुझ्या. घास आत गेला की तुझी एक भुवई वर जायची. हिचा चेहरा बदलतो का, हे तुला पाहायचं असायचं. मी चावता चावता विचार करायची, आज हिनं काय करून ठेवलंय? साठी ओलांडलेल्या दोन बायका, मध्ये डाळीची वाटी, आणि दोघींच्या नजरा चोर पकडायला बसल्यासारख्या.

परवा तुला जाऊन चाळीस दिवस झाले, तुझा चाळिसावा झाला. तोवर मी एक ओळ लिहिली नाही. कागद पुढे घेतला की वाटायचं, तू मागे उभी राहून वाचतेयस आणि म्हणतेयस, "लिही लिही. पन खरं लिही, पुस्तकातलं नगं."

म्हणून आपल्या भांडणाचंच लिहिते. तू किती प्रेमळ होतीस हे सांगायला परवा पुष्कळ बायका आल्या होत्या. त्यातल्या निम्म्यांशी तू बोलत नव्हतीस.

भांडण एकाच गोष्टीचं होतं. मी मांस-मासे खाणं सोडलं, आणि का सोडलं याचं मी दिलेलं कारण तुला खरं वाटत नव्हतं. बाकी सगळं आपलं एक होतं. आंदर मावळातलं गाव एक, शाळेची वाट एक. पुढे तू लग्न होऊन वडगावला आलीस, मी लोणावळ्याच्या कॉलेजात ग्रंथपालाची नोकरी लागली म्हणून आले आणि तुझ्या भिंतीला भिंत लावून दोन खोल्या घेतल्या. पुढे तुझं आणि तुझ्या नवऱ्याचं, सलीमभाईंचं, गाद्यांचं दुकान, मागे तुझं घर, आणि शेजारी मी एकटी. बकरी ईदचा वाटा तुझ्याकडून भिंतीवरून इकडे यायचा. गावच्या जत्रेचा वाटा माझा भाऊ दत्ता आणून द्यायचा, त्यातला अर्धा तुझ्याकडे जायचा. त्या भिंतीवरचा सिमेंटचा गिलावा पातेली टेकवून टेकवून एका जागी गुळगुळीत झाला आहे. तो एवढ्यातच माझ्या लक्षात आला.

दत्तानं भातखाचरांच्या वरच्या माळावर कोंबड्यांची शेड घातली तेव्हा तूही कौतुकानं बघून आली होतीस. कंपनी पिल्लं देते, खाद्य देते, दीड महिन्यानं गाडी येऊन पक्षी घेऊन जाते. त्या उन्हाळ्यात मी आठवडाभर गावाला राहिले होते. दुपारी शेडमध्ये जरा गार वाटतं म्हणून पुस्तक घेऊन दारात बसायची. तिथे एक पांढरी कोंबडी पाण्याच्या भांड्यापासून हातभर अंतरावर बसलेली दिसली. ती उठायचा प्रयत्न करायची आणि पुन्हा बसायची. पाय मोडलेले नव्हते. अंगाचं वजन इतकं झपाट्यानं वाढलं होतं की पायांना ते पेलत नव्हतं. मी तिला उचलून पाण्याजवळ ठेवलं. ती प्यायली. मग माझं लक्ष बाकीच्यांकडे गेलं, आणि तिच्यासारख्या किती आहेत ते दिसायला लागलं.

दत्ता म्हणाला, "असंच असतंय आक्का. दोन दिसांत गाडी येतीय. कशाला उचलत बसतीस?"

तो दुष्ट नव्हता. त्याला त्यात काही वेगळं दिसत नव्हतं, आणि आदल्या दिवसापर्यंत मलाही दिसलं नसतं. पण त्या कोंबड्यांच्या अंगाखालच्या तुसातल्या सळसळीनं मला भलतंच आठवलं. लहानपणी खाचराच्या बांधातले खेकडे तू धरायचीस आणि मी त्यांच्या नांग्या मोडून पाटीत टाकायची. पाटीतून घरापर्यंत असाच आवाज येत राहायचा. तेव्हा तो आवाज ऐकून भूक लागायची. त्या दुपारनंतर मला तो आवाज फक्त आवाज म्हणून ऐकता येईना. जनावराला दुखतं हे मला माहीत होतंच. पण आपल्या जेवणासाठी एखाद्या जिवाला मुद्दाम असं घडवायचं, की त्याला स्वतःच्या पायांवर पाण्यापर्यंत जाता येऊ नये, हे मला गिळवेना. कुणी बुवा नाही, व्रत नाही, नवस नाही. एवढंच.

वडगावला परतले आणि तडक तुझ्या स्वयंपाकघरात आले. तू कांदा चिरत होतीस.

"जैबुन, मी आता मटण-मासे खाणार नाही."

"पोट बिघडलंय?"

"नाही. सोडलंय."

"श्रावण तर लांब हाय."

"कायमचं सोडलंय."

सुरी थांबली. "कुनी सांगितलं?"

मी शेडचं सगळं सांगितलं. तू ऐकून घेतलंस. मध्ये एकदा "अगं बया" म्हणालीससुद्धा. मग म्हणालीस, "म्हंजे कोंबडीचा राग बोकडावर? माजा बोकड तर माळावर चरलेला असतोय. त्याचे पाय लय दणकट, तुज्या-माज्यापेक्षा."

"चरलेला असला तरी मरायचं त्यालाही नसतं ना?"

"हे आत्ताच कळलं तुला? सगळा जन्म चापून खाल्लंस तवा न्हाई कळलं?"

मला हसू आलं, पण तू हसत नव्हतीस. तू सुरी खाली ठेवलीस आणि म्हणालीस, "शाले, परवा आमच्या इम्रानला लोणावळ्यात भाड्याची जागा नाकारली. समदं ठरलं होतं. नाव सांगितलं तवा एजंट म्हनला, सोसायटी फकस्त शाकाहारी लोकान्लाच देती. आन् आज तू मला येऊन सांगतीस, सोडलं म्हनून."

मला इम्रानचं काही माहीत नव्हतं. मी तसं म्हटलं. पण बोलता बोलताच मला कळलं की माझ्या तोंडून ते किती खोटं वाटतंय. तुझ्या जागी मी असते तर मीही विश्वास ठेवला नसता. तू ज्या शब्दानं दार बंद होताना पाहिलं होतंस, तोच शब्द घेऊन मी तुझ्या चुलीपाशी उभी होते.

संशय काही तुझ्या एकटीचा नव्हता. दत्ताला वाटलं, मी त्याच्या धंद्याला नाट लावतेय. भावजयीनं माझ्या कपाटात कुठल्या महाराजांचा फोटो आहे का, ते हळूच उघडून पाहिलं. एका जुन्या सहकारी बाईंनी तर डॉक्टरांनी काय सांगितलंय, ते खरं सांगा, असा फोन केला. आनंद फक्त एकीला झाला. नव्या इमारतीतल्या त्या बाई, ज्या दुकानात गादीचं कापड बघायला आल्या होत्या. मी तिथेच बसले होते. कुठून तरी त्यांच्या कानावर गेलं होतं. म्हणाल्या, "ऐकलं हो! फार बरं केलंत. शुद्ध झालात."

मी म्हटलं, "शुद्ध-बिद्ध काही नाही. मी आधीही अशुद्ध नव्हते आणि ही माणसंही नाहीत. मी जनावरासाठी सोडलंय, माणसांपासून लांब जायला नाही."

त्या गेल्या. कापड न घेताच गेल्या, त्याबद्दल तू मला बोललीसही. मला वाटलं, आता तरी तुझी खात्री पटेल. तू कापडाचा तागा गुंडाळत म्हणालीस, "चांगलं बोललीस. पन मी हितं होते म्हनून बोललीस का, ते कसं कळायचं?"

जैबुन, याला काय उत्तर असतं? तू नसताना मी काय बोलते, हे तुला कळायला मी तुझ्यासमोरच सांगावं लागणार, आणि समोर सांगितलं की ते मोजायचं नाही.

त्यानंतर तुझ्या परीक्षा सुरू झाल्या. पहिल्यांदा तू रस्सा पाठवलास, तुकडे काढून. "बोकड तर कवाच मेलाय. रश्श्यानं त्याला काय व्हनार हाय?" मी परत केला. तू म्हणालीस, "बघ!" मग डाळ पाठवलीस. मी निम्मी खाल्ल्यावर भिंतीवर हनुवटी टेकवून म्हणालीस, "मटणाच्या पातेल्यातली हाय बरं का ती."

"बरं," म्हटलं मी, आणि भात कालवला.

"कालच त्यात शिजलं होतं."

"घासलं होतंस ना?"

"व्हय."

"मग झालं तर."

तू भिंतीवरून आणखी वाकून बघितलंस. "मळमळत न्हाई?"

"कशानं मळमळेल? पातेल्यानं कुणाला मारलंय का?"

तेव्हा तुला वाटलं, आपल्याला हवी ती खूण सापडली. कारण हे तू बरोबर ओळखलं होतंस. ज्याला विटाळ होतो त्याला पातेल्याचा होतो, पळीचा होतो, चुलीचा आणि चुलीपाशी बसलेल्या बाईचाही होतो. जनावराचा विचार करणाऱ्याला पातेल्याशी काही घेणंदेणं नसतं. दोन्हीकडे ताट सारखंच दिसतं. फरक दिसतो तो पातेल्यात. एवढं नेमकं तुला कुणी शिकवलं नव्हतं, इम्रानच्या त्या एजंटानं शिकवलं असेल तेवढंच.

मग प्रत्येक वेळी तेच. भरलं वांगं आलं, "मटणाच्या पातेल्यातलं हाय." मुगाची खिचडी आली, "मटणाच्या पातेल्यातली हाय." मी ताप येऊन पडले होते तेव्हा तू पेज घेऊन आलीस, माझं डोकं मांडीवर घेतलंस, चमच्या-चमच्यानं पाजलीस आणि शेवटचा चमचा तोंडात असताना कानाशी म्हणालीस, "मटणाच्या पातेल्यातली." तापातही मला हसू आलं आणि पेज तुझ्या पदरावर सांडली. सगळं खाल्लं तरी तुझा निकाल ठरलेला होता. "भिडेनं खातीस. मला दाखवायला खातीस."

माझाही तुझ्यावर संशय होताच. रश्श्याचा थेंब डाळीत सोडून तू गंमत बघत असशील, असं मला वाटायचं. मी वास घेऊन बघायची. तुला ते दिसायचं, आणि वास घेते म्हणजे हिला विटाळ आहे, असा तुझा पुन्हा संशय.

एकदाच फक्त तुझा निकाल आला नाही. लोणावळ्याच्या एका बंगल्यावर गाद्या पोचवायच्या होत्या, आणि मलाही कॉलेजात काम होतं, म्हणून आपण टेम्पोतून मागे गाद्यांवर बसून गेलो होतो. सलीमभाई पुढे ड्रायव्हरशेजारी. बंगल्याचं फाटक उघडेपर्यंत तू भाकरी सोडलीस. सुक्या बोंबलाची चटणी होती. तू जरा पलीकडे सरकलीस आणि डबा माझ्यापासून लांब धरलास.

"वास येतो का?"

"येतो."

"मग पलीकडं तोंड कर."

"पलीकडं कशाला? तोंडाला पाणी सुटतंय माझ्या. लहानपणापासूनचा वास आहे तो."

तू माझ्याकडे टक लावून पाहिलंस. "मग खा की गं! कोन बघतंय हितं?"

"आवडत नसतं तर सोडण्यात काय होतं, जैबुन? आवडतं म्हणून तर सोडलं म्हणायचं."

 तू डबा पुन्हा मध्ये ठेवलास. अर्धी भाकरी मोडून त्यावर फक्त कांदा आणि तेल घालून माझ्या हातात दिलीस. वारा तुझ्या डोक्यावरचा पदर उडवत होता, खाली नव्या कोऱ्या गाद्या होत्या, आणि कुठल्या तरी पर्यटकांच्या झोपेवर बसून आपण जेवत होतो. त्या दिवशी तुला पटलं, असं मी धरून चालले. दुसऱ्या दिवशी भिंतीवर वाटाण्याची उसळ आली. "मटणाच्या पातेल्यातली हाय."

शेवटचं बोलणंही काही फार मोठं नव्हतं. संध्याकाळी तू दोरीवरच्या खोळी काढत होतीस. काहीतरी विचारायचं तुझ्या मनात होतं, ते मला दिसत होतं. तू म्हणालीस, "शाले, एक इचारायचंय तुला. पन आता न्हाई, कंबर धरलीय. उद्या भांडू." मी म्हटलं, "उद्या भांडू." सकाळी सलीमभाईंनी भिंतीवर हात आपटून मला हाक मारली. त्यांनी कधीच मला भिंतीवरून हाक मारलेली नव्हती, त्यामुळे उठतानाच मला कळलं.

तू काय विचारणार होतीस, हे मी चाळीस दिवस उलटसुलट करून पाहिलं. विश्वास बसलाय, असं सांगणार होतीस, की शेवटची एखादी परीक्षा घेणार होतीस? तुझा स्वभाव मला माहीत आहे. परीक्षाच असणार.

आता परवाचं सांगते.

आलेल्या माणसांसाठी मोठ्या देगा बाहेर अंगणात लागल्या होत्या. तुझ्या नावानं फातिहा पढायच्या ताटासाठी तुझ्या आवडीचं काळ्या मसाल्याचं मटण मात्र घरातच करायचं, असं तुझ्या सुनेनं, तबस्सुमनं ठरवलं होतं. घरातली पातेली सगळी बाहेर गेलेली. मी तिला कांदा चिरून देत होते. ती स्टुलावर चढली, वरच्या फळीवर मागे हात घातला आणि एक गाठोडं खाली काढलं. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं, गादीचं कापड. सोडलं तर आत एक पितळी पातेलं. मी ते ओळखलं. भिंतीवरून माझ्याकडे आलेली प्रत्येक डाळ त्याच पातेल्यातून आली होती.

तबस्सुम ते हातात घेऊन नुसती उभी राहिली.

"काय गं?"

"हे नको, मावशी. बाहेरून एखादं आणते."

"का? हेच तर मटणाचं पातेलं."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी चेष्टा करतेय. "मटणाचं? मावशी, एकदा सोडून ह्यात कधी अंडंसुद्धा शिजलेलं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा मला माहीत नव्हतं, मी ह्यात अंडी उकडली. अम्मी दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मग पातेलं राखेनं घासलं, कल्हई करून आणली आणि तेव्हापासून कापडात गुंडाळून ठेवायला लागल्या. म्हणायच्या, हे शालनचं हाय, ह्याला हात लावायचा न्हाई."

मी चिरलेल्या कांद्यापाशी बसून राहिले. डोळ्यांना पाणी येत होतं ते कुणाला विचित्र वाटलं नाही.

म्हणजे तू खोटं बोलत होतीस. वांगं, खिचडी, पेज, उसळ, सगळं त्या एका पातेल्यातलं, ज्याला तू मटणाचा वाससुद्धा लागू दिला नव्हतास. तोंडानं मला बाटवत होतीस आणि हातानं माझं सोवळं सांभाळत होतीस. जे सोवळं मला नको होतं, नव्हतंच, असं मी घसा फोडून सांगत होते.

का, जैबुन? माझ्यावर विश्वास असता तर वेगळं पातेलं लागलंच नसतं. घासलेल्या कुठल्याही पातेल्यात शिजवलंस तरी मी खाते, हे तुला ठाऊक असायला हवं होतं. आणि विश्वास नसता, तर रागानं तू खरोखरच मटणाच्या पातेल्यात शिजवून घातलं असतंस. तू दोन्ही केलं नाहीस. मला वाटतं, तुझा विश्वास कधी बसलाच नव्हता. हिला आतून विटाळ वाटतो, हे तू गृहीत धरलं होतंस, आणि तरीही मला तो लागू नये म्हणून फळीच्या मागच्या बाजूला माझ्यासाठी एक पातेलं जपलं होतंस. ज्या विटाळानं तुझ्या मुलाला घर नाकारलं, तोच विटाळ मला असेल तर असो, म्हणून तू तो कापडात गुंडाळून सांभाळलास. हे प्रेम आहे, हे मला कळतं. पण असं प्रेम मला नको होतं गं. मला तुझा विश्वास हवा होता.

तबस्सुम बाहेर जायला निघाली होती. मी तिच्या हातातून पातेलं घेतलं.

"मटण ह्यातच लाव."

"मावशी, अम्मींना..."

"अम्मींना मी बघते. लाव."

 मग तिनं पातेलं शेगडीवर ठेवलं, तेल सोडलं. मी कांदा घातला. तो मी चिरला होता, म्हणून मीच घातला. मटण तिनं घातलं. काळ्या मसाल्याचा वास घरभर झाला, आणि खरं सांगायचं तर मला भूक लागली. तुझ्या नावाचं ताट फातिहाला गेलं. मी सलीमभाईंशेजारी बसून बाहेरचा साधा भात खाल्ला.

संध्याकाळी तबस्सुमनं विचारलं, आता ह्या पातेल्याचं काय करू? मी म्हटलं, घास, आणि मग ह्यातच माझ्यासाठी डाळ कर.

आज दुपारी भिंतीवर डाळ आली, त्या गुळगुळीत झालेल्या जागेवर. तबस्सुम वाटी ठेवून भिंतीपलीकडेच उभी राहिली. तिच्या तोंडाकडे बघून मला कळलं की तिलाही पाहायचं होतं. मी भिंतीपाशीच उभी राहून खाल्ली. आज ती खरोखर मटणाच्या पातेल्यातली होती. मी दुसऱ्यांदा वाढून मागितली.

आता तू काय म्हणशील ते मला पाठ आहे. "मी मेल्यावर खाल्लंस व्हय! मेलेल्या मानसाची भीड जास्तच असती."

म्हण. तबस्सुमला मी सांगितलं आहे, ते पातेलं आता फळीच्या मागे ठेवायचं नाही, बाकीच्या भांड्यांत ठेवायचं, आणि ज्या दिवशी घरात जे शिजेल ते त्यात शिजवायचं. पट्ट्यांचं कापड मी घेऊन आले आहे. भांडायचं असेल तर ते न्यायला ये.